जखम लहान, वेदना मोठी
(सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. तरीही घरोघरी उपयोगी पडावा असा एक विषय आपणापुढे ठेवितो.

२०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने इंदूर हादरले. महाराजा यशवंतराव रुग्णालयात शेकडो रोगी आले; त्यांत मधुमेही पुष्कळ. नुसत्या औषधाने भागेना, मेलेला भाग कापून काढावा लागे. तो रोग बुरशीचा होता. परंतु जखमेतून शिरणारे काही जंतूही मांस असेच झपाट्याने नासवितात. असे क्वचितच घडते. पण घडले म्हणजे प्राणावर बेतते.

शेणामातीत राहणारे क्लॉस्ट्रिडियम जंतू हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात, विष सोडतात, आणि मांसात वायू साठतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खत घातलेल्या शेतांत पडलेल्या कित्येक जखमी सैनिकांचा या विकाराने बळी घेतला. स्ट्रेप्टोकोकससारखे दुसरे जंतू कातडीखाली, स्नायूंवरील आवरणातून पसरतात. या दुखण्यास विल्सन यांनी १९५२ साली ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ हे नाव दिले.

याची पहिली खूण ध्यानात ठेवा. जखम वरून क्षुल्लक दिसते, पण ठणका असह्य असतो. मग ताप व सूज येते, कातडी काळीनिळी पडते, फोड उठतात. आणि कधी कधी दुखणे एकाएकी थांबते. घरची मंडळी म्हणतात, “उतार पडला!” वस्तुतः तेथील संवेदनाच नष्ट झालेली असते.

औषध रक्तावाटे जाते, आणि मेलेल्या भागात रक्त फिरत नाही. म्हणून औषधाच्या जोडीला शस्त्रक्रिया लागते, आणि तीही तासांच्या हिशेबाने. “पाय कापतील” या भीतीने आपण घरी बसतो. पुष्कळदा तो उशीरच पाय नेतो.

तेव्हा जखम साबणाने व वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. शेण, माती, चुना, तंबाखू लावू नये. धनुर्वाताची लस चुकवू नये. मधुमेही माणसाने आपले तळवे रोज पाहावे. आणि जखमेच्या मानाने वेदना जास्त वाटली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्या न्यासाने या महोत्सवाची आठवण म्हणून रात्री-अपरात्री रुग्णास पोहोचविणारे एक वाहन आणि चार तत्पर तरुण सिद्ध ठेवावेत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.