‘ब’ची गाणी

आम्ही बचत गटाच्या बायका आज तुमच्याशी गाण्यांविषयी बोलणार आहोत. गाणी आपल्याकडची नाहीत, पार सातासमुद्रापलीकडची आहेत. पण ऐकता ऐकता ती आम्हाला ओळखीची वाटायला लागली. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे.

आमच्या गटाची बैठक रात्री जेवणं उरकल्यावर असते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, की दहा मिनिटं आम्ही भेंड्या खेळतो. मागच्या पावसाळ्यात एकदा ‘ब’ आला आणि कुणालाच काही सुचेना. तेवढ्यात आमच्या एका मावशींची अकरावीत शिकणारी नात म्हणाली, “बनाना बोट साँग!” सगळ्या हसलो. “केळ्याच्या बोटीचं कसलं गं गाणं?” पोरगी हटेना. अक्षर ‘ब’ आहे ना, मग चालायला पाहिजे! शेवटी ठरलं, चालेल. गाण्याचं नाव ‘ब’नं सुरू झालं तरी पुरे. पण ते गाणं कुणाचं आणि कशाबद्दल, हे मराठीत सांगायचं.

तिनं मोबाइलवर गाणं लावलं आणि सांगायला लागली. जमैका नावाचं एक बेट आहे. तिथले मजूर रात्रभर बोटीत केळीचे घड चढवायचे. त्यांचं हे लोकगीत. १९५६ साली हॅरी बेलाफोंटे या गायकानं ते म्हटलं आणि जगभर पोचलं. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झील धरायची, अगदी आपल्या भजनासारखं. गाण्यातले मजूर पहाटे एका माणसाची वाट बघत असतात. तो माणूस म्हणजे घड मोजणारा. त्यानं मोजल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही.

हे ऐकलं आणि आमचं हसू थांबलं. आमच्यातल्या सहा जणी टोमॅटो तोडायला जातात. मजुरी क्रेटवर मिळते. क्रेट मोजतो मुकादम, लिहितोही तोच. संध्याकाळी दोन-तीन क्रेट कमी भरतात, हे प्रत्येकीला वाटायचं, पण बोलायचं कशाच्या जोरावर? मावशी म्हणाल्या, “त्यांचा मोजणारा आणि आपला मोजणारा एकाच गावचा दिसतोय.”

मग आम्हाला नादच लागला. दर बैठकीला ‘ब’चं एक परदेशी गाणं.

दुसरं आलं ‘बेला चाओ’. हे इटलीचं. दुसऱ्या महायुद्धात हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्यांचं गाणं म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण त्याच चालीवर आणखी एक गाणं आहे, ते भातशेतात राबणाऱ्या बायकांचं. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतं. लावणीला आणि निंदणीला लांबलांबून बायका यायच्या. गुडघाभर पाण्यात, डास चावत असताना, दिवसभर वाकून काम. मजुरीत पैशाबरोबर थोडा तांदूळही मिळायचा. आमच्यातली एक कोकणातून सासरी आलेली आहे. ती म्हणाली, “लावणीची कंबर काय असते, ते मला विचारा. आम्हीपण गातच लावायचो.”

तिसरं, ‘ब्रेड अँड रोझेस’, म्हणजे भाकरी आणि गुलाब. जेम्स ओपनहाइम या कवीची ही कविता १९११ साली छापून आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांत मोठा संप झाला. कायद्यानं बायकांचे आणि मुलांचे कामाचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ झाले, तर मालकांनी तेवढा पगार कापला. वीस हजारांहून जास्त कामगार बाहेर पडले. त्यांत बायका आणि पोरी पुष्कळ होत्या. देश वेगळे, बोली वेगळ्या, पण एकत्र गाणी म्हणत रस्त्यावर उतरल्या. दोन महिने टिकल्या आणि पगारवाढ घेऊनच परतल्या. त्या संपाला पुढे या कवितेचंच नाव पडलं. भाकरी तर हवीच, पण जगण्यात थोडं फूलही हवं, असं ते मागणं.

चौथं, ‘ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?’ म्हणजे ‘भाऊ, दहा सेंट देतोस का?’ हे १९३२ सालचं. अमेरिकेत मंदी आली होती, ज्यांनी रेल्वे आणि इमारती उभ्या केल्या तेच भाकरीच्या रांगेत उभे होते. हे गाणं त्यांचं. चाल देणारे जे गॉर्नी लहानपणी रशियात होते. तिथं ऐकलेल्या अंगाईवरून त्यांनी ही चाल केली. अंगाई ऐकून मोठं झालेलं लेकरू कधी रांगेत उभं राहील, कुठल्या आईला ठाऊक असतं?

आता आमच्या क्रेटचं सांगतो. पहिल्या गाण्यानंतरच आम्ही एक ठरवलं. प्रत्येकीनं कमरेला छोटी पिशवी बांधायची. क्रेट भरला की मक्याचा एक दाणा पिशवीत टाकायचा. लिहिता येवो न येवो, दाणे मोजता येतातच. पहिल्या दिवशी सहा जणींचे मिळून अकरा क्रेट मुकादमाच्या वहीत कमी निघाले. तो म्हणाला, “बायका चुकल्या असतील.” आम्ही भांडलो नाही. आठ दिवस रोज रात्री दाणे मोजून आकडा गटाच्या वहीत तारखेसह लिहिला. मग ती वही घेऊन साऱ्या जणी मिळून शेतमालकाकडे गेलो. एकटी गेली असती तर परत पाठवली असती. आता मुकादम आणि आमच्यातली एक असे दोघं मिळून मोजतात. मजुरीचा दर अजून वाढलेला नाही, पण केलेल्या कामाचा पैसा पुरा मिळतो.

घरचे विचारतात, इंग्रजी गाणी ऐकून काय मिळतं? मैत्रिणींनो, आम्हाला शब्द कळत नाहीत. पण राबणारी माणसं कुठलीही असोत, ती काय मागतात ते कळतं. आणि ज्या नातीला “मोबाइल ठेव” म्हणून ओरडत होतो, तीच आता बैठकीत मानानं बसते.

तुमच्या गटातही करून बघा. एक अक्षर घ्या, घरातल्या शिकणाऱ्या लेकीसुनांना गाणी शोधायला सांगा. आणि मोजून मजुरी मिळत असेल, तर आपली मोजणी आपल्याकडे ठेवा. वही भाकरीसाठी आणि भेंड्यांची दहा मिनिटं गुलाबासाठी. दोन्ही सोडू नका.

आमचं पुढचं अक्षर आहे ‘म’. नमस्कार!