शाळेबाहेरचे धडे
(कामरगाव येथे युवक-युवतींपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तुम्हांस चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्या, अशी आम्हांस सूचना आहे. परंतु उपदेशापूर्वी आमची एक चूक निवेदन करणे अधिक उचित होय.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. त्या विद्येचे ऋण आम्ही विसरत नाही. तथापि नवेपणी एक गरीब शेतकरी कन्येच्या विवाहाविषयी आमचा सल्ला घेण्यास आला, तेव्हा ती सारी विद्या निरुपयोगी ठरली. "लग्न एकदाच होते, हौस करावी," असे आम्ही म्हणालो. पैसा कोठून येणार, हे विचारले नाही. पंक्तीत मात्र आनंदाने बसलो. पुढे दोन वर्षांनी कळले, की त्या पंक्तीसाठी शेत गहाण पडले होते, आणि वधूचा धाकटा भाऊ नववीतून शाळा सोडून वीटभट्टीवर जात होता.

जी गोष्ट आम्हांस उमगली नाही, ती आपल्याच वऱ्हाडातील एका निरक्षर पुरुषास पूर्ण उमगली होती. सन १८७६ मध्ये शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज येथून जवळच, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी, मामाच्या घरी वाढले. पिता दारूपायी गेला. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात बुडाली. हीच त्यांची शाळा. मुलीच्या बारशास त्यांनी रिवाजाची दारू व मांस वर्ज्य करून गोड जेवण घातले आणि ज्ञातीचा रोष पत्करला. गावी गेले की आधी हाती खराटा, कीर्तन त्यानंतर. ऋण काढून सण करू नये. हातावर भाकरी घेऊन खावी, परंतु मूल शाळेत घालावे, असे ते सांगत फिरले. सन १९५६ मध्ये ते निवर्तले. अमरावतीस सन १९८३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करते. तुमच्यापैकी कित्येकांच्या पदवीपत्रावर त्याच निरक्षराचे नाव असेल. ते नाव तेवढे घेऊन येऊ नका. त्याचा धडाही आणा.

असो. त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन "चूक आमची" एवढे दोन शब्द उच्चारण्यास आम्हांस आणखी एक वर्ष लागले. त्याने प्रथम पाणी दिले आणि म्हणाला, "फादर, मी सल्ला इचाराले कुठं आलतो? तुमच्याकून हो म्हनून घ्याले आलतो."

त्या दिवसापासून तीन नियम आम्ही स्वतःस घालून घेतले आहेत. कोणी सल्ला विचारल्यास आधी खर्च विचारावा. ऋण काढून घातलेल्या पंक्तीस आशीर्वाद द्यावा, पण पानावर बसू नये. चूक उमगल्यास त्याच आठवड्यात त्या माणसाच्या दारी जावे. पहिले दोन आम्ही बहुधा पाळतो. तिसरा अजूनही जड जातो.

आजच्या भोजनाचा जमाखर्च मंडपाच्या दाराशी लावलेला आहे. त्यात उधारीचा एक पैसाही नाही. तो वाचून मग निःशंक मनाने जेवावयास बसावे, इतकीच विनंती.