चॉकलेट, घड्याळ आणि खालच्या मजल्यावरच्या आजी



स्वित्झर्लंडहून आले म्हटल्यावर सकाळपासून दोन प्रश्न ठरलेले : चॉकलेट आणलंस का, आणि स्विस बँकेत खातं आहे का? चॉकलेट आणलंय. खातंही आहे, पगार त्यात जमा होतो आणि घरभाड्यात संपतो!

झुरिकला राहायला गेले तेव्हा माझ्याही डोक्यात ठरीव चित्र होतं. स्विस माणूस म्हणजे घड्याळ : वक्तशीर, नियमाला पक्का आणि मनाने कोरडा. कुकू घड्याळही मी त्यांचंच समजत होते. ते निघालं जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं.

कोरडेपणाचा पुरावा मात्र लगेच मिळाला. तिथे बऱ्याच इमारतींच्या तळघरात सगळ्यांसाठी मिळून वॉशिंग मशीन असतं आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. एकदा माझे कपडे काढायला वीस मिनिटं उशीर झाला, तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर चिठ्ठी लावली. मी मनात शिक्का मारला, 'नियमांचे गुलाम!'

त्याच हिवाळ्यात लेकीला रात्रभर उलट्या झाल्या. घरात एक कोरडी चादर उरली नाही. सकाळी जिन्यात आजी भेटल्या. माझ्या हातातलं बोचकं बघून म्हणाल्या, "आज माझा वार आहे. तुम्ही घ्या."

आभार मानायला गेले, तेव्हा त्या टपालाने आलेली मतपत्रिका भरत होत्या. तिथे वर्षातून साधारण चार वेळा लोक कायद्यांवर, प्रश्नांवर मत देतात. मी म्हटलं, "किती आदर्श लोकशाही!" त्या हसल्या. "मला पहिल्यांदा मत देता आलं तेव्हा मी ३४ वर्षांची होते."

१९५९ साली स्त्रियांना मताधिकार द्यावा का, यावर तिथल्या पुरुषांनी मतदान केलं आणि सुमारे दोन तृतीयांश जणांनी 'नाही' म्हटलं. हक्क मिळाला १९७१ मध्ये. एका कँटनमध्ये तर स्थानिक मतदानाच्या हक्कासाठी १९९० मध्ये न्यायालयाला निकाल द्यावा लागला. बायकोने नोकरी करायला नवऱ्याची संमती हवी, हा कायदा १९८८ पर्यंत होता.

मी सांगितलं, माझ्या निरक्षर आजीने आमच्या देशातल्या पहिल्याच निवडणुकीत, १९५२ साली, मत दिलं होतं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, तुमच्याकडे बायकांना काही हक्कच नसतात."

म्हणजे शिक्का दोघींनीही मारला होता.

ती चिठ्ठी आता मला वेगळी दिसते. दुसऱ्याच्या वेळेला इतकं जपणाऱ्या बाईने आपला अख्खा वार मला दिला होता.

आपल्या वर्गातही शिक्के होतेच. मला सगळे 'शिष्ट' म्हणायचे. मी शिष्ट नव्हते रे, घाबरट होते! हे सांगायला आजचा दिवस उजाडावा लागला. जेवताना तुमचंही असंच काही ऐकायचंय.