नोकरी सुटते, कागद सुटत नाही
(घरकामगार बायकांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय रुक्ष आहे. परदेशातली नोकरी सोडल्यावर व्हिसाचं आणि कामाच्या परवान्याचं काय करायचं? तुम्हाला वाटेल, हे वकिलाचं काम. मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातली एक बाई आमच्या कार्यालयात आली. तिची धाकटी बहीण रियाधला एका घरात कामाला होती. पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत काम, चार महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आम्ही तिला फोनवर सांगितलं, "निघ तिथून. कोणी तुला गुलाम करून ठेवू शकत नाही." कचरा टाकायच्या निमित्ताने ती बाहेर पडली आणि ओळखीच्या बायकांच्या खोलीवर जाऊन राहिली. आम्हाला वाटलं, सुटली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मालकाने ती पळून गेल्याची नोंद केली. तिथे याला 'हुरूब' म्हणतात. ज्याने पगार बुडवला तो तक्रारदार झाला आणि जिचा पगार बुडला ती गुन्हेगार. तिला दुसरीकडे काम करता येईना आणि देशाबाहेरही पडता येईना. ती परत आली सात महिन्यांनी, आणि चार महिन्यांचा पगार तिथेच राहिला. आमचा सल्ला खोटा नव्हता, पण अर्धा होता. निघ म्हणालो, कुठे जा ते सांगितलं नाही.

हे असं का होतं? आखाती देशांत 'कफाला' नावाची पद्धत आहे. कामगाराचा राहण्याचा परवाना मालकाच्या, म्हणजे कफीलच्या नावाशी बांधलेला असतो. आपल्याकडे बाईने काम सोडलं तर फक्त काम सुटतं. तिथे काम सोडलं की पायाखालची जमीनच जाते, कारण त्या देशात राहण्याचा हक्क त्या कामावर टांगलेला असतो. बापाच्या घरून नवऱ्याच्या घरी, आणि स्वतःच्या नावावर काहीच नाही, ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? इथे नवऱ्याच्या जागी कफील आला, एवढंच.

काही देशांनी नियम बदलले आहेत. कतारने 2020 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली आणि तीत घरकामगारही आहेत. देश सोडताना मात्र त्यांनी मालकाला 72 तास आधी कळवायचं असतं. सौदी अरेबियाने मार्च 2021 मध्ये अशाच सुधारणा आणल्या, पण त्यांतून घरकामगारांना वगळलं. बदल आला की आधी विचारायचं, यात घरात काम करणारी बाई आहे का? बहुतेक वेळा ती दाराबाहेरच असते.

आता कामाचं बोलू. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, तीन वेगळे कागद लक्षात ठेवा: कामाचा करार, राहण्याचा परवाना आणि देश सोडण्याची परवानगी. करार संपला म्हणजे परवाना रीतसर रद्द झाला असं नाही, आणि परवाना रद्द झाला तरी एक्झिट हातात पडतोच असं नाही. सौदीत तर एक्झिटही दोन तऱ्हेचे. एक सुट्टीवर जाऊन परत येण्याचा, दुसरा कायमचा, म्हणजे 'फायनल एक्झिट'. मालक पुष्कळदा सुट्टीचा एक्झिट देऊन बाईला घरी पाठवतो. ती परत गेली नाही की नियम तिनेच मोडल्याची नोंद होते. कायमचं यायचं असेल तर कागदावर काय लिहिलं आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्यायलाच हवं.

दुसरी गोष्ट, जाण्याआधीच पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या प्रती घरी ठेवायच्या. तिथे 'इकामा', म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड मिळालं की त्याचा फोटो लगेच घरी पाठवायचा. मालकाचं नाव, पत्ता, फोन घरच्यांकडे हवा. आमच्याकडे येणाऱ्या आयांना मुलगी 'दुबईला' आहे एवढंच ठाऊक असतं. आणि चौकशी केली की ती निघते भलत्याच देशात.

तिसरी गोष्ट पासपोर्टची. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाला तो कपाटात ठेवायचा अधिकार नाही. पासपोर्ट मिळतच नसेल तर आपला दूतावास एकदा प्रवास करून मायदेशी परतण्यापुरतं 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देऊ शकतो. पासपोर्ट नाही म्हणजे परतीची वाट बंद, हा समज आधी काढून टाका. पण एक्झिट त्याबरोबर आपोआप मिळत नाही, तो तिथल्या सरकारकडूनच घ्यावा लागतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मारहाण असेल, अंगावर हात टाकला जात असेल, तर कागदांची वाट बघू नका, बाहेर पडा. पण ओळखीच्या खोलीवर नाही, सरळ भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जा. आपली तक्रार मालकाच्या नोंदीच्या आधी किंवा निदान बरोबरीने दाखल झाली पाहिजे. 2009 पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या बाईचा निवारा, परतीचं तिकीट, काही प्रकरणांत दंड, यांसाठी तो वापरता येतो. ही भीक नाही. पैसे नाहीत म्हणून कुणी परत पाठवलं तर निधीचं नाव घेऊन विचारा.

पाचवी गोष्ट, न वाचता येणाऱ्या कागदावर सही नाही. 'सगळा हिशेब मिळाला' अशा अरबी कागदावर अंगठा घेतला की मागाहून भांडायला काही उरत नाही. पगार बाकी असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर दूतावासामार्फत मुखत्यारपत्र करून मागे कुणाला तरी दावा चालवायला सांगता येतं.

परवाना रद्द झाल्यावर किती दिवस राहता येतं, ते देशावर आणि परवान्याच्या प्रकारावर ठरतं. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला 2017 पासून जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. म्हणजे संगणकावर काम करणाऱ्या पुण्याच्या मुलीचा राहण्याचा हक्कही नोकरीलाच बांधलेला आहे. तिची दोरी थोडी लांब, एवढाच फरक.

आता आपल्या सरकारबद्दल. 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली, दहावी न झालेल्या आणि आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्या माणसाला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी लागते. त्याचं कार्यालय मुंबईतही आहे. अशा बाईचं वय 30 पूर्ण हवं, अशी अट घातली गेली. त्याच पासपोर्टवर जाणाऱ्या पुरुषाला ही अट नाही. म्हणे, बायकांच्या संरक्षणासाठी. झालं काय? पंचविशीतल्या बाईची चूल काही तिशीपर्यंत थांबत नाही. एजंट तिला पर्यटक व्हिसावर नेतो. मग कामाचा परवानाच नाही, करार नाही, सरकार दरबारी नोंद नाही. काम सोडलं तर ती निव्वळ बेकायदा राहणारी ठरते. संरक्षणाच्या नावाखाली दार बंद केलं आणि तिला मागच्या खिडकीतून उडी मारायला लावली. आपल्याला असं संरक्षण नको, हक्क हवेत.

हे बदलता येतं का? इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथेही घरकामगार बाई एकाच मालकाशी बांधलेली होती. तिने मालक सोडला की ती बेकायदा. 1987 मध्ये लंडनमध्ये 'कलायान' ही संघटना उभी राहिली. बेकायदा ठरवलेल्या बायका स्वतः पुढे येऊन बोलू लागल्या. दहाएक वर्षांच्या लढ्यानंतर 1998 मध्ये मालक बदलण्याचा हक्क मिळाला. 2012 मध्ये सरकारने तो काढून घेतला. 2016 मध्ये परत दिला, पण सहा महिन्यांच्या व्हिसाच्या मुदतीपुरताच. सहा महिन्यांच्या व्हिसावरच्या बाईला नवं काम कोण देणार? मिळालेला हक्क राखावा लागतो, हे यातून शिकायचं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यात आहे. भारताने तेव्हा बाजूने मत दिलं, पण तो करार स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. ही मागणी आपल्या मोर्च्यांत असते का? मला तरी ती क्वचितच ऐकू आली.

शेवटी एक साधं काम सुचवते. आपापल्या वस्तीत, गावात किती घरांतल्या बायका बाहेरदेशी आहेत, त्याची वही करा. देश, मालक, व्हिसाचा प्रकार आणि त्याची मुदत लिहून ठेवा. पुढे कधी फोन आला की आपण फक्त "निघ" म्हणणार नाही. कुठे जा, काय बरोबर घे, कशावर सही करू नको, हेही सांगू.

ती रत्नागिरीची बहीण आता आमच्याच बैठकांना येते. ती म्हणते, "ताई, तुम्ही निघ म्हणालात म्हणून मी जिवंत आहे. पण पुढचं सांगितलं असतं तर पगारही आणला असता." हे पुढचं सांगायची जबाबदारी आता आपली आहे.