ओहोटीपलीकडचं शेवाळ

श्रोतेहो, कोकणातल्या माझ्या लहानपणी ओहोटीला खडकांवर दिसेल तेवढंच शेवाळ, असं मी समजत असे. मोनॅकोच्या किनाऱ्याला १९८४ साली ‘कौलेर्पा टॅक्सिफोलिया’ हे परकं शेवाळ आढळलं, जेमतेम एक चौरस मीटर. तेव्हा ते हातानं उपटता आलं असतं. १९८९ मध्ये ते हेक्टरभर झालं. पुढे हजारो हेक्टर पसरलं आणि मासे जिथे वाढतात त्या समुद्रगवताच्या कुरणांत घुसलं. उथळ पाण्यात त्याची पाती आखूड, खोल पाण्यात लांब. उन्हाळ्यात जोमानं वाढणारं हे शेवाळ हिवाळ्यात मंदावतं, पण मरत नाही. अलीकडे ते तिथं बरंच ओसरलं आहे. तरी श्रोतेहो, एकाच ऋतूत, काठावरून पाहून समुद्राबद्दल निश्चिंत होऊ नये.