अलंकारांची नोंद, आठवणींची जपणूक



दागिना ही वस्तू मोठी विलक्षण आहे. तिची किंमत सराफाला काट्यावर टाकताक्षणी कळते; तिचे मोल मात्र घरातील एखाद्याच व्यक्तीला ठाऊक असते. ही व्यक्ती बहुधा घरातील सर्वांत वडीलधारी स्त्री असते. कोणत्या पाटल्या माहेरच्या, कोणते गोठ सासरचे, मोहनमाळ कोणाच्या बारशाला केली आणि नथीतील मोती कोणी आणून दिले, हे सारे तिला मुखोद्गत असते. पण ते कोठेही लिहिलेले नसते. ती गेली की दागिने उरतात आणि त्यांची ओळख जाते. ओळख हरवलेला दागिना मुशीत जाण्यास फारसा वेळ लागत नाही. म्हणून दागिन्यांच्या जपणुकीत पहिला मान तिजोरीला नसून वहीला आहे, हेच आजच्या विषयाचे सार होय.

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या पेट्यांत ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, बोरमाळ, बुगडी, वाकी, तोडे असे कितीतरी अलंकार असतात. त्यांतील प्रत्येकाच्या नावामागे इतिहास आहे. पुतळ्यांच्या माळेचेच पाहावे. व्हेनिसच्या ज्या सोन्याच्या नाण्याला आपल्याकडे पुतळी म्हणत, त्याच्यावरून या माळेला नाव मिळाले. सातासमुद्रापलीकडचा व्यापार अशा रीतीने मराठी स्त्रीच्या गळ्यात येऊन विसावला. जुन्या नथीतील बसरा मोती हे इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती होत. १९३० च्या सुमारास जपानचे संवर्धित मोती बाजारात आले आणि आखातातील मोत्यांचा व्यापार ओसरत गेला. आजही एखाद्या घरी नथीचे मोती जुने व मंद दिसतात म्हणून ते काढून त्या जागी नवे चकचकीत मोती बसवले जातात. दुर्मीळ वस्तू देऊन सामान्य वस्तू घेतली, हे त्या घराला कळतही नाही. कारण ‘हे मोती बसरा आहेत’ एवढी चार शब्दांची नोंद कोणी केलेली नसते.

व्यापारी माणसाला नोंदीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. रोजकीर्दीत रक्कम मांडली की तिच्याखाली तपशील लिहावा लागतो. तपशिलावाचून रक्कम म्हणजे नुसता आकडा. वर्षभराने तो लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. दुकानातील शिलकी मालाची मोजदाद दरवर्षी न चुकता करणारे गृहस्थ घरातील दागिन्यांची मोजदाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या करीत नाहीत. वस्तुतः त्यासाठी एक जाड पुठ्ठ्याची वही आणि दोन-चार दुपारी पुरेशा आहेत. प्रत्येक दागिन्याला क्रमांक द्यावा. त्याचे घरात रूढ असलेले नाव, वजन, शुद्धता, कोणाकडून व कोणत्या प्रसंगी आला, कोणत्या गावी घडवला, पुढे कधी मोडून पुन्हा घडवला आणि सध्या कोणाच्या स्वाधीन आहे, हे क्रमाने लिहावे. तोच क्रमांक घातलेली चिठ्ठी दागिन्याच्या डबीत ठेवावी. आठवणीसाठी मात्र पान मोकळे सोडावे. कारण आठवण एका बैठकीत पुरी होत नाही.

वहीत केवळ असलेलेच नव्हे, तर नसलेलेही लिहिले पाहिजे. याचे महत्त्व पटवणारी एक हकीकत आहे. दुष्काळी टापूतील एका कुटुंबात सासूबाई निवर्तल्यानंतर त्यांची पेटी उघडण्यात आली. जुन्या छायाचित्रात भरगच्च दिसणारी पुतळ्यांची माळ प्रत्यक्षात विरळ निघाली. मोजता अकरा पुतळ्या कमी भरल्या. पेटीची किल्ली थोरल्या सुनेकडे असे. उघडपणे कोणी काही बोलले नाही. परंतु धाकट्या घरात संशयाने मूळ धरले. सणावारी एका पंगतीला बसणारी दोन घरे हळूहळू एकमेकांच्या दारातूनही जाईनाशी झाली. दोन वर्षांनी सासूबाईंच्या स्तोत्रांच्या पुस्तकात घडी घातलेली सराफाची पावती सापडली. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी स्वतःच अकरा पुतळ्या मोडल्या होत्या. मागील बाजूस पेन्सिलीने दोनच शब्द होते : ‘धाकट्याची फी’. ज्या घरात संशय वाढत होता, त्याच घराचे शिक्षण त्या पुतळ्यांवर झाले होते. पावती सापडली म्हणून बोलणे पुन्हा सुरू झाले. पण थोरल्या सुनेची दोन वर्षे कोणी परत करू शकले नाही. माळेतील त्या रिकाम्या जागा वस्तुतः त्या घरातील सर्वांत मोठा अलंकार होत्या. त्यांची नोंद तेवढी नव्हती.

वजनाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. जुना तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा होता. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे समजतात. आजीच्या हातच्या चिठ्ठीत पाच तोळे लिहिलेला दागिना ५८ ग्रॅमांहून थोडा अधिक भरेल, पन्नास नव्हे. हा फरक ठाऊक नसेल तर वाटणीच्या वेळी वाद ठरलेलाच. साजासारख्या काही अलंकारांत आत लाख भरलेली असते, काहींत खडे व मोती असतात. अशा वेळी एकूण वजन व निव्वळ सोन्याचे वजन ही दोन्ही निरनिराळी लिहावीत.

शुद्धतेचेही तसेच. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली होती. पुढे आलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्यामुळे दागिना कोणत्या साली घडवला हे माहीत असणे उपयोगाचे ठरते. भारतीय मानक ब्यूरोचे हॉलमार्क सोन्याच्या दागिन्यांवर २००० पासून येऊ लागले. १६ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अंकाक्षरांच्या ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने.

वहीला छायाचित्रांची जोड अवश्य द्यावी. दागिना साध्या, एकरंगी कापडावर ठेवून, शेजारी मोजपट्टी मांडून पुढून व मागून छायाचित्र घ्यावे. फासा व सोनाराची खूण जवळून टिपावी. केवळ मोबाइलवर विसंबू नये. छापील प्रत वहीत चिकटवावी. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे. नुसते ‘आठवणी सांगा’ म्हटले तर त्या संकोचतात. दागिना हातात दिला की हात बोलू लागतात आणि हातांमागून शब्द येतात. लग्नातील जुनी छायाचित्रेही त्या वेळी समोर ठेवावीत. कोणाच्या गळ्यात कोणता दागिना होता, यावरून विसरलेली नाती उलगडतात.

आता प्रत्यक्ष जपणुकीविषयी. सर्व दागिने एकाच डब्यात ठेवणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. हिरा सर्व रत्नांत कठीण असल्याने तो शेजारच्या सोन्यावर व मोत्यांवर ओरखडे काढतो. म्हणून प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ, धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळावा. मोती नाजूक असतो. घाम, अत्तर आणि आम्लपदार्थ यांनी त्याचे तेज जाते. मोत्यांचे दागिने सर्व साजशृंगार झाल्यावर शेवटी घालावेत आणि उतरवल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावेत. गाठवलेला दोरा सैल झाला असल्यास पटवेकऱ्याकडून वेळीच पुन्हा गाठवून घ्यावा. लाखेचे दागिने उष्णता व गरम पाणी यांपासून दूर ठेवावेत. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. म्हणून तिच्याजवळ रबर व लोकर ठेवू नये.

बँकेतील लॉकर सुरक्षित खरे, पण त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. लॉकरमध्ये काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही आणि त्याचा विमाही उतरवत नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. नामनिर्देशन अवश्य करावे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. लॉकरधारकाच्या पश्चात वस्तू देताना साक्षीदारांसमक्ष यादी केली जाते. जी यादी परक्यांच्या देखत करावी लागते, ती आपल्या माणसांनी आधीच प्रेमाने का करू नये?

कायद्याच्या दृष्टीनेही वहीचा आधार मोठा आहे. प्राप्तिकर खात्याच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम व पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ मे १९९४ रोजी दिली. ही दागिने बाळगण्याची मर्यादा आहे असा गैरसमज आढळतो. तशी ती नाही. त्याहून अधिक दागिने वारसा, भेट वा ज्ञात उत्पन्न यांतून आल्याचे दाखवता आले पाहिजे, एवढेच. तेथे पावत्या, मृत्युपत्र आणि जुन्या नोंदी उपयोगी पडतात.

स्त्रीधनावर संपूर्ण हक्क त्या स्त्रीचाच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा कोणता दागिना कोणाला द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. पुत्रांचा वा सुनांचा नव्हे. तिने मृत्युपत्र केले नाही, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, जो जैन समाजालाही लागू आहे, तिच्या संपत्तीत पती, पुत्र आणि कन्या यांचा वाटा असतो. वहीतील इच्छा ही मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही. त्यासाठी स्वाक्षरीचे मृत्युपत्र व दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. मृत्युपत्रात वहीतील क्रमांक व वर्णन दिले की ‘थोरली पाटली’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न उरत नाही. आणि शक्य असेल तर हयातीतच, स्वतःच्या हाताने द्यावे. दिलेल्या दागिन्याबरोबर आशीर्वाद जातो. वाटून घेतलेल्या दागिन्याबरोबर बहुधा हिशेबच जातो.

एवढी मोजदाद करणे म्हणजे आसक्ती वाढवणे नव्हे काय, असा प्रश्न या व्यासपीठावर कोणी विचारील. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात सोन्या-चांदीचीही मर्यादा अभिप्रेत आहे. पण ज्याची गणनाच नाही त्याला मर्यादा कशी घालणार? वही लिहिताना किती दागिने वर्षानुवर्षे अंगाला लागलेले नाहीत, हे समोर येते. कोणते ठेवावेत, कोणते लेकीसुनांना द्यावेत आणि कोणते मोडून शिक्षणाच्या वा औषधोपचाराच्या कामी लावावेत, याचा विचार तेथूनच सुरू होतो. मोडलेल्या दागिन्याचीही आठवण राहते. फक्त ती लिहिलेली असावी लागते.

धनत्रयोदशीला पुष्कळ घरांत पेटी उघडली जाते, पूजा होते आणि पेटी पुन्हा बंद होते. यंदा ती तासभर अधिक उघडी राहावी. घरातील नात किंवा नातू वही घेऊन आजीजवळ बसावा. एक-एक दागिना तिच्या हाती द्यावा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. साल चुकले, नाव अडले तरी तिला थांबवू नये. दुरुस्ती मागाहून करता येते. सोने पुन्हा विकत घेता येते. सांगणारी आजी मात्र घरात एकच असते.