परमुलखात धर्म सांगणाऱ्यांचे सुख-दुःख
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



'धम्मप्रचारकाचे जीवन' हा विषय आम्हाला दिला आहे. आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. शाळा थोडी झाली, पण वाचन सोडलं नाही. जे वाचलं ते आपल्यापुढं ठेवतो.

आधी दुसऱ्यांच्या घरात डोकावू. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. त्यांचे तरुण मुलगे दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष धर्मप्रचाराला जातात. पगार नाही, खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. कुठल्या देशात जायचं ते वरून ठरतं. जोडीजोडीनं राहायचं, परकी भाषा शिकायची, अनोळखी दारं ठोठवायची. दहातली नऊ दारं बंद होणार हे धरूनच चालायचं. २०१९ पर्यंत आईबापाला फोनसुद्धा वर्षातून दोनदाच करता यायचा. आता आठवड्याला करता येतो. त्यांचं तत्त्वज्ञान आपल्याला पटत नाही. पण विसाव्या वर्षाच्या आत घर सोडणाऱ्या त्या पोरांची जिद्द बघण्यासारखी आहे.

बंधूंनो, हे लोक आपल्या पुण्यातसुद्धा येऊन गेले आहेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटलंडचा मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढं पुण्याला गेला. घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्याआधी पुण्याचा वाटसरू बोरघाट चढून खंडाळा-लोणावळ्यावरून, म्हणजे आपल्या वलवणच्या अंगावरूनच जायचा. पुण्याच्या लष्करी छावणीत प्रचार करायला त्याला मनाई झाली. वर्तमानपत्रांनी झोडपलं. जवळ पैसा न बाळगता निघायचं, लोक देतील त्यावर राहायचं, हा त्यांचा रिवाज इथं चालेना. तरी गडी बसला नाही, मराठी शिकायला लागला. जी मोजकी माणसं मिळाली ती बहुतेक गोरी किंवा अँग्लो-इंडियन. १८५५ साली त्यानं हिंदुस्थान सोडला आणि थोड्याच काळात ते काम इथं थांबलं.

आता त्याच वर्षांत त्याच पुण्यात दुसरं काय चाललं होतं? महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई महार-मांगांच्या मुलांना अक्षर शिकवत होते. तेही एक मिशनच होतं. त्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही, पण स्वतःच्या गावातच ते परके झाले. सासऱ्याचं घर सोडावं लागलं. फिंडले परत गेला त्याच १८५५ साली, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीचा निबंध छापून आला. छापला कोणी? 'ज्ञानोदय'नं, म्हणजे अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्रानं. यातून आम्ही एवढंच घेतो, की नुसता उपदेश वाऱ्यावर जातो. उपदेशाबरोबर अक्षर दिलं, काम दिलं, तर माणूस स्वतः बोलायला लागतो.

आपल्या धम्माला तर ही वाट नवी नाहीच. जगात धर्मप्रचाराला माणसं पाठवण्याची रीत तथागतांनी घालून दिली. सोपाऱ्याचा व्यापारी पुण्ण भिक्खू झाला आणि आपल्या मुलखात, सुनापरान्तात म्हणजे कोकणपट्टीत, परत जायला निघाला. भगवंतांनी विचारलं, तिथले लोक तापट, शिव्या देतील तर? पुण्ण म्हणाला, मारलं तर नाही, माणसं भली आहेत, असं मी समजेन. मारलं तर? काठीनं तर नाही मारलं. असं करत करत प्रश्न जिवावर येऊन ठेपला, तरी पुण्ण डगमगला नाही. मग भगवंतांनी जायला संमती दिली. भाषण येतं का हे त्यांनी विचारलं नाही, सोसता येतं का ते विचारलं. पुढं सम्राट अशोकाच्या काळात अपरान्तात पाठवलेला धम्मरक्खित थेर यवन होता, असं सिंहली ग्रंथ सांगतात. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात जाऊन बघा, खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. परक्याला आपण पूर्वीच आपलं मानलं आहे.

अलीकडचा दाखला शेजारचाच. लोकमित्र हे इंग्रज धम्मचारी १९७७ साली हिंदुस्थानात आले ते योग शिकायला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपला जनसागर त्यांनी पाहिला आणि १९७८ साली पुण्यात कामाला राहिले. मराठी येत नव्हती, दुभाषा घेऊन बोलायचे. त्यांच्या संघाचं शिबिरकेंद्र आपल्या भाज्याला उभं राहिलं. तिकडे इंग्लंडातले तरुण बौद्ध आठवडेच्या आठवडे एकत्र राहून संध्याकाळी दारोदार फिरत आणि आपल्या वस्त्यांतल्या बालवाड्या-वसतिगृहांसाठी मदत मागत. थंडीत, परक्या दारात, आपल्या पोरांसाठी!

पण आंधळेपणा नको. लोकमित्रांचे गुरू संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ ला नागपुरात होते. त्या काळ्या दिवसांत त्यांनी सभांमागून सभा घेऊन लोकांना धीर दिला. त्याच संघरक्षितांच्या वागण्याबद्दल पुढं इंग्लंडात गंभीर तक्रारी झाल्या आणि २०१६ साली त्यांनी जाहीर क्षमा मागितली. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. प्रचारक हा माणूस आहे. त्याला धम्माच्या मापानं मोजायचं, धम्माला त्याच्या मापानं नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रश्न टाकला, भिक्खू हा आदर्श मनुष्य की समाजसेवक? त्याचं उत्तर आपण आचरणातून द्यायचं आहे. मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर जायला आपली दोन-चार पोरं-पोरी तयार होतील. अडतं कुठं? घरी. 'नोकरीचं काय? लग्नाचं काय?' आईबापाचा प्रश्न खोटा नाही. म्हणून आमचं मागणं पोरांकडं नाही, आपल्याकडं आहे. एकट्याला पाठवू नका, जोडीनं पाठवा. जबरदस्ती करू नका. जातील तेवढ्या महिन्यांचा त्यांच्या घरचा खर्च वस्तीनं उचलावा. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग मागितला होता. निदान त्याची सुरुवात तरी करू. हातात पाटी-पुस्तक द्या, संध्याकाळची अभ्यासिका चालवू द्या.

आणि परत आल्यावर 'किती माणसं आणली?' असं विचारू नका. त्या प्रश्नानं चांगला कार्यकर्ता खचतो. आपल्या वलवणच्या तलावाचं पाणी खोपोलीला उतरतं. १९१५ पासून त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. साच्यावरच्या कामगाराला वलवण कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, तरी साचा चालला. प्रचारकाचं कामही तसंच. जेवला का, तब्येत बरी आहे का, पुन्हा कधी जातोस, एवढं विचारा.

सभेनंतर मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्याला जमेल त्यानं नाव आणि महिन्याची रक्कम लिहावी, पाच रुपये असले तरी लिहावेत. आमचं नाव पहिलं लिहिलेलं आहे. 

जयभीम! नमो बुद्धाय!